लाइन कधी येते?

आमच्या घरात इंग्रजी कोणालाच येत नव्हतं, पण एक इंग्रजी शब्द असा होता की तो काढून घेतला असता तर आम्ही सगळे मुके झालो असतो. तो शब्द म्हणजे लाइन. माझे वडील वीज मंडळात लाइनमन. त्यांची बदली झाली तसे आम्ही बाळापूरपासून थोड्या आत असलेल्या एका गावात राहायला आलो आणि पहिल्या आठवड्यातच आमचं वानखडे हे आडनाव कायमचं हरवलं. वडील झाले ‘लाइनमनभाऊ’, आई ‘लाइनमनीनबाई’ आणि मी ‘लाइनमनचं पोट्टं’. पोस्टमनही पाकिटावरचं नाव वाचायच्या भानगडीत पडायचा नाही. ‘लाइनमन!’ अशी आरोळी ठोकून पाकीट दारात टाकायचा आणि पुढं जायचा. गावाच्या कडेला दोन खोल्या, वर टिनं, भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो. पहाटे आई चुलीपुढं बसून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर थापायला लागली की त्या थापण्याच्या आवाजात दाराची कडी मिसळायची. ‘लाइनमनभाऊ, लाइन कधी येते?’ आई थापणं न थांबवता सांगायची, ‘त्याईलेच ठाऊक नाई जी. चहा घेता काय?’ ज्याला उत्तर हवं असायचं तो चहा घ्यायचा नाही, आणि ज्याला चहा हवा असायचा तो उत्तराची वाट पाहत बसायचा.

लाइन म्हणजे आमच्याकडे आधी वीज. ‘लाइट गेली’ असं म्हणणारा माणूस पाहुणा समजावा. लाइन यायची, जायची, डिम व्हायची, एका तारेतून यायची आणि दुसरीतून यायची नाही. पण तेवढ्यावर त्या शब्दाचं भागत नव्हतं. कापूस विकायला नेला की केंद्रावर बैलगाड्यांची लाइन लागायची, आणि जो गडी ती लाइन मोडून पुढं घुसायचा त्याची वरपर्यंत लाइन असायची. माझा मामा अकोल्याला रेल्वे लाइनच्या पलीकडे राहायचा. त्याचा मुलगा कॉलेज बुडवून एका मुलीवर लाइन मारायचा, आणि लग्न लावून दिल्याबरोबर तो लाइनीवर आला, असं मामीच कौतुकानं सांगायची. सरकी टोबताना, म्हणजे कपाशीचं बी मातीत खोचताना, आई बरोबरच्या बायांना ओरडायची, ‘लाइन धरा ना वं, काय नागमोडी चालल्या!’ आमच्या गुरुजींना या सगळ्याचा फार राग. वीज म्हणा, रांग म्हणा, ओळ म्हणा, धंदा म्हणा, मराठी काय मेली आहे का, असं ते वर्गात गरजायचे. जो पोरगा लाइन म्हणेल त्याला त्यांनी बाकावर उभं करायला सुरुवात केली. दोन दिवसांत अर्धा वर्ग बाकावर. तिसऱ्या दिवशी ते फळ्यावर लिहीत असताना डोक्यावरचा पंखा थांबला आणि गुरुजी मागं न वळता म्हणाले, ‘गेली काय रे लाइन?’ त्यांना कोणी बाकावर उभं केलं नाही, पण त्यानंतर आम्हालाही कोणी केलं नाही.

आणि सगळ्यात जड लाइन म्हणजे ‘पोट्टं कोणत्या लाइनीत टाकलं?’ हा प्रश्न. शेतात पोरगं ठेवायचं नाही यावर त्या वर्षांत गावाचं एकमत होतं. डॉक्टरी लाइन, मास्तरकीची लाइन, पोलिसची लाइन, काहीच नाही जमलं तर ड्रायव्हर लाइन. मला दहावीत जेवढे गुण पडले तेवढ्यात वडिलांचीच लाइन परवडत होती. म्हणून मी अकोल्याला आयटीआयमध्ये वायरमनच्या ट्रेडला गेलो. मामाकडे राहायचो आणि शनिवारी एसटीनं घरी यायचो. शर्टाच्या खिशाला टेस्टर लावलेला असायचा, बाहेरून सगळ्यांना दिसेल असा. साहेबलोक पेन लावतात तसा. आता अमरावतीला माझ्या घरात इन्व्हर्टर आहे, लाइन गेल्याचं मला शेजारचे सांगतात, आणि तो टेस्टर बायकोनं बुद्धाच्या फोटोवरच्या बल्बचा होल्डर सरळ करायला वापरून वाकवला. पण त्या काळी तो खिशात असला की मी एसटीत खिडकीजवळच बसायचो. उन्हात तो चमकायचा.

ती वर्षं आमच्याकडची वाईट वर्षं होती. पेपरात रोज काहीतरी यायचं, गाड्या घेऊन पुढारी यायचे, फवारणीचं औषध पिऊन गेलेल्या माणसाच्या अंगणात खुर्च्या टाकल्या जायच्या आणि गाड्या गेल्या की उचलल्या जायच्या. त्याबद्दल बाहेरच्या लोकांनी पुष्कळ लिहिलं आहे. मला आठवतो तो बोलण्यातला फरक. आमची बोली अशी की माणूस प्रेमानंही ‘मर ना बे’ म्हणतो. आई मला दिवसातून कितीदा तरी मरायला सांगायची. त्या वर्षांत गावानं हा शब्द सोडला. कोणी ठरवलं नाही, दवंडी दिली नाही. भांडणात लोक आईबहिणीपर्यंत जायचे, पण ‘मर’ म्हणायचे नाहीत. म्हणायला तोंड उघडायचे आणि अर्ध्यात गिळायचे. बाकी सगळ्या शिव्या चालू होत्या आणि त्यातल्या बऱ्याच माझ्या वडिलांच्या वाट्याला यायच्या. विहिरीवरच्या मोटरीला तिन्ही तारांतून लाइन लागते. ती एक आठवडा दिवसा मिळायची, एक आठवडा रात्री, तीही काही तासच. हे वेळापत्रक वरून ठरायचं, पण वर कोण आहे ते गावानं पाहिलेलं नव्हतं. गावानं पाहिलेला मंडळाचा माणूस एकच, आणि तो सायकलवर फिरायचा. कोणी शिवी दिली की वडील सायकलवरून उतरायचे, ऐकून घ्यायचे आणि पुन्हा पायडल मारायचे. मला त्याची लाज वाटायची. निदान उतरू तरी नये, असं वाटायचं.

थंडीचे दिवस होते, घरात तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी चालू झाली होती. खांबावरून जन्मात न पडलेला माझा बाप सायकलवरून पडला. समोर डुक्कर आडवं आलं. उजवं मनगट मोडलं, हात प्लास्टरमध्ये गळ्यात आला. आणि त्याच आठवड्यात नदीकडच्या विहिरींच्या लाइनवर एका खांबावरचा जंपर जळाला. जंपर म्हणजे दोन तारांना जोडणारा तारेचा तुकडा. इतकुसा तुकडा, पण तो गेला की पुढच्या सगळ्या मोटरी बंद. दुसरा लाइनमन पाठवतो, असं वरून सांगितलं गेलं, आणि तो काही येईना. दिवसपाळीचा आठवडा, लाइन असून नसल्यासारखी, आणि रानात गहू आणि कांदा उभा.

मी शनिवारी एसटीतून उतरलो तो स्टँडवरच्या हॉटेलात हीच चर्चा चाललेली. माझा दोस्त गजू म्हणाला, ‘हे घ्या, छोटे लाइनमन आले.’ मी खिशातला टेस्टर जरा सरळ केला आणि म्हणालो, ‘जंपर होय ना? त्यात काय हाय? आमी तं रोज करतो ते.’ हे खोटं नव्हतं. आम्ही आयटीआयच्या आवारात रोज जंपर जोडायचो. फक्त तिथला शिकायचा खांब माणसाच्या उंचीवर कापलेला होता. तेवढं सांगायची गरज मला वाटली नाही. चहा संपायच्या आत मंडळींनी मला मिरवत घरी नेलं.

वडील जेवत होते, डाव्या हातानं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, ‘कोनाले ईचारून बोलला तू?’ मी खिशातला टेस्टर चाचपायला लागलो. तेव्हा रशीदचाचा पुढं झाले. नदीकाठी त्यांचा बियाचा कांदा होता. बियाच्या कांद्याला फूल धरल्यावर पाणी तुटलं की वर्ष गेलं. रशीदचाचा एरवी आमच्याशी चोख वऱ्हाडी बोलायचे, पण जीव कासावीस झाला की घरच्या बोलीवर यायचे. ‘लाइनमनभाई, कल तक पानी नहीं मिला तो गया समझो मेरा कांदा. पोट्टा बोलता आता है, तो करने दो ना.’ वडिलांनी ताटातला शेवटचा घास खाल्ला, पाणी प्यायले, आणि आईकडे न बघता म्हणाले, ‘सकाळी. कमरेचा पट्टा मी बांधीन.’ आई माझं ताट वाढत होती. तिनं माझ्या ताटात भाजी वाढायचं तेवढं थांबवलं.

सकाळी आम्ही आधी डीपीवर गेलो, म्हणजे गावाबाहेरच्या ट्रान्सफॉर्मरवर. जंपर जळालेल्या खांबापासून तो दोन वावरं लांब, पण दिसतो. वडिलांनी त्याच्या पेटीतून डाव्या हातानं फ्यूजच्या चिनीमातीच्या तिन्ही ग्रिपा ओढून काढल्या. त्या काढल्या की पुढची लाइन मेली. त्या त्यांनी आपल्या कापडी पिशवीत टाकल्या आणि पिशवी माझ्या गळ्यात अडकवली. ‘जो वर चढते, ग्रिपा त्याच्यापाशी. जमिनीवर पाय टेकल्याबिगर कोनाले देयाच्या नाई. म्या मांगतल्या तरी नाई.’ हा मंडळाचा नियम होता की त्यांचा, मला अजून माहीत नाही. मी ‘हाव’ म्हणालो, आणि पोटात भाकरीऐवजी फुशारकी घेऊन निघालो.

खांबाशी गाव जमलं होतं. शिडी तारांच्या दीड पुरुष खालीच संपायची. पुढं लोखंडी खांबाच्या खाचांत पाय अडकवत जायचं. मी गेलो. खरं सांगतो, चढताना मला काही झालं नाही, कारण मी वर बघत होतो. वर पोचून पट्टा खांबाला वेढून अडकवला, जळका तुकडा काढला, नवा जोडला, पकडीनं पिळला. जंपर चांगला बसला होता हे मी आजही छाती काढून सांगेन. मग मी दोन्ही हात वर केले आणि ओरडलो, ‘झाल्लं!’ खालून शिट्या वाजल्या. शिट्या कोण वाजवतंय हे बघायला मी खाली पाहिलं.

तिथं माझी कारकीर्द संपली. माणसं बोटाएवढी दिसत होती आणि खांब खालच्या बाजूला बारीक होत गेल्यासारखा वाटत होता. उतरायचं तर पट्टा सोडावा लागणार, आणि पट्टा सोडायला माझा हात तयार होईना. कसाबसा तो थोडा खाली सरकवत मी शिडीच्या वरपर्यंत आलो, एक पाय खाली सोडून शिडीची पायरी शोधली. पायरी सापडेना. पाय हवेत फिरतोय आणि खालून गजू ओरडतोय, ‘काय सायकल चालवून राह्यला बे वर?’ हसण्याची लाट उठली. मी पाय वर घेतला आणि खांबाला मिठी मारली. मग मिठी सुटेना.

पहिल्यांदा सगळे हसले. मग सल्ले आले. डोळे मिटून उतर. डोळे उघडे ठेवून उतर. मारुतीचं नाव घे. कोणी म्हणालं, ‘तो त्याईच्यातला नाई बे, मारुती कायले सांगतो?’ त्यावर पुन्हा हसणं. आणि मग हसणं हळूहळू थांबलं, कारण लाइन यायची वेळ झाली होती. लाइन डीपीपर्यंत आली, गावातले पंखे फिरायला लागले असतील, आणि विहिरींची लाइन माझ्या गळ्यातल्या पिशवीत. दिवसाचे जे थोडे तास मिळायचे ते सुरू झाले होते आणि मी खांबाला चिकटून होतो.

‘आबे, ग्रिपा तं टाक खाली,’ कोणीतरी म्हणालं. ‘तू उतर सावकाश. आमी मोटरी चालू करतो.’ हे इतक्या समजूतदार आवाजात सांगितलं गेलं की मला ते बरोबरच वाटायला लागलं. तारा माझ्यापासून हातभर वर होत्या. त्यांत लाइन सोडल्यावर मी हललो नाही तर काही व्हायचं नाही, आणि हलणं तर मला जमतच नव्हतं. वडील खालून एवढंच म्हणाले, ‘टाकू नको.’ तेवढ्यात मागून एक तावातला आवाज आला. ‘ग्रिपाची गरज काय? डीपीत तारेचा तुकडा टाकतो ना मी डायरेक्ट. मर म्हनाव तथीच...’ कित्येक महिन्यांत गावात तो शब्द कोणी पुरा उच्चारलेला नव्हता. बोलणारा स्वतःच खाली बघायला लागला. पण तो बघता बघता डीपीच्या वाटेला लागला, हातात तार घेऊन.

आणि माझे वडीलही निघाले. वळूनही न बघता, गळ्यातला हात सांभाळत वावरातून चालू लागले. गजू म्हणाला, ‘पाह्य, बाप बी गेला.’ मला रडायचं होतं, पण रडायला डोळे पुसावे लागतात आणि हात मोकळा नव्हता. वरून मला सगळं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. वडील डीपीशी पोचले, आधी पोचलेल्या त्या माणसाच्या आणि पेटीच्या मधून गेले, आणि पेटीच्या दाराला पाठ लावून खाली बसले. तो माणूस हातवारे करत होता. वडील बसलेले. तो तार आपटत होता. वडील बसलेले. शिव्यांचं आमच्या घरात नवल नव्हतं, पण कोणी देत असताना वरून बघायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती.

खाली रशीदचाचा मात्र शिव्या देत नव्हते. ते खांबाशी येऊन उभे राहिले, डोक्याची टोपी नीट केली, खांद्यावरचा रुमाल काढला आणि दोन्ही हातांनी पसरून धरला. झोळीसारखा. ‘बेटा,’ एवढंच म्हणाले. त्यांचं तोंड वर केलेलं, उन्हानं डोळे बारीक झालेले. मला कोणी शिव्या दिल्या असत्या तर मी तगलो असतो. मी पिशवीत हात घातला आणि एक ग्रिप बाहेर काढली. इतका वेळ न सुटणारा हात त्या कामाला बरा सुटला. ग्रिप रुमालाचा नेम साधून धरली. तेव्हा लांब डीपीपाशी काहीतरी पांढरं वर गेलं. वडील उभे राहिले होते आणि त्यांनी मोडका हात गळ्यातल्या पट्टीतून काढून प्लास्टरसकट वर धरला होता. तो वर धरताना काय दुखलं असेल हे मला पुढं माझा हात मोडला तेव्हा कळलं. त्या वेळी एवढंच कळलं की ते माझ्याचकडे बघत आहेत, आणि बराच वेळ बघत आहेत. मी ग्रिप पिशवीत परत टाकली.

रशीदचाचांनी रुमाल थोडा वेळ तसाच धरला. मग झटकला, खांद्यावर टाकला आणि शिडी चढायला लागले. पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस, चपला खाली काढून. चढताना मात्र त्यांनी माझ्या आयटीआयला, आयटीआय काढणाऱ्याला आणि मला चहा पाजणाऱ्या हॉटेलवाल्याला जे सुनावलं ते इथं लिहिता येणार नाही. माझ्या पायाशी पोचून त्यांनी घोटा धरला. ‘छोड पट्टा. छोड बोला ना! मी धरला ना तुले. आता पाय सोड... खाली... अबे टोपी पे नको! टोपी पे नको, खांदे पे रख!’ त्यांच्या खांद्यावरून माझा पाय पायरीवर गेला. एक एक पायरी ते माझा पाय हातानं उचलून खालच्या पायरीवर ठेवत होते, रोप लावावं तसा. जमिनीवर टेकल्यावर मी बसलोच. ते म्हणाले, ‘बसतो कायले? पळ!’ आणि मी पळालो, म्हणजे पळण्यासारखं काहीतरी केलं, वावरातून डीपीपर्यंत.

वडिलांनी पिशवी घेतली, तिन्ही ग्रिपा मोजून बघितल्या आणि डाव्या हातानं एक एक बसवली. नदीकडून पहिली मोटर घुरघुरली, मग दुसरी, मग सगळीकडूनच तो आवाज यायला लागला. लाइन जायला फार वेळ उरला नव्हता. रशीदचाचांचा कांदा सगळा भिजणार नव्हता, पण बराचसा भिजणार होता. तारवाला माणूस कधीच आपल्या वावरात पळाला होता. खांबाशी जमलेलं गाव बघता बघता पांगलं. मला शाबासकी द्यायला किंवा झापायलाही कोणाला फुरसत नव्हती. जो तो पाण्याच्या दांडाकडे पळत होता.

आम्ही दोघं घराकडे निघालो. सायकल मी हातात धरली होती, कारण पाय अजून पायडलवर ठेवण्यासारखे नव्हते. वडिलांनी रिकामी पिशवी हँडलला अडकवली. मग म्हणाले, ‘ह्या लाइनीत नाई टाकत मी तुले.’

‘काहून? चढलो ना मी. जंपर बी बसवला.’

‘बसवला. चांगला बसवला.’ ते थांबून गळ्यातला हात नीट करायला लागले. ‘भेला, त्याचं काई नाई. भेलेला मानूस जपून रायते. पन तू ग्रिप काहाडली.’

‘चाचाचं तोंड पाहून वाईट वाटलं मले.’

‘तेच सांगून राह्यलो.’

मला राग आला. सकाळपासून साचलेला सगळा त्यांच्यावरच निघाला. मी म्हणालो, ‘तुमाले रोज काय काय बोलतात लोकं. तुमाले नाई वाटत काई?’

ते चालायला लागले होते. चालता चालताच म्हणाले, ‘वाटते ना.’ आणि थोडं पुढं गेल्यावर, ‘खाली उतरल्यावर वाटते.’